उजेड अडवणारी शाई
(घरच्या प्रिंटरवर पारदर्शक फिल्म छापण्याविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

घरातला प्रिंटर आता कुणाला नवलाचा राहिलेला नाही. मुलांचे शाळेचे प्रकल्प, आधार कार्डाच्या प्रती, सातबाऱ्याचा उतारा, सोसायटीच्या सभेची सूचना ही त्याची रोजची कामं. त्याच प्रिंटरमध्ये कागदाच्या जागी पारदर्शक फिल्म घातली, की त्याच्याकडून अगदी वेगळी कामं करून घेता येतात. स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीसाठी लागणारं पॉझिटिव्ह त्यातून निघतं. शिक्के बनवणाऱ्याला निगेटिव्ह मिळतं. पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला सर्किट बोर्ड घरी तयार करता येतो. छायाचित्रणाची आवड असलेल्याला १८४२ साली शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीने, डार्करूमशिवाय, नुसत्या उन्हात निळी चित्रं छापता येतात. ही पुस्तिका अशा कामांविषयी आहे, आणि ज्यांच्या घरी साधा इंकजेट किंवा लेझर प्रिंटर आहे त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

पुढच्या पानांत सेटिंग्ज, मापं, वेळा असं बरंच काही आलं आहे. त्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. कागदावर छापलेलं चित्र आपण पाहतो. फिल्मवर छापलेलं चित्र बहुतेक वेळा पाहण्यासाठी नसतं. त्यातून उजेड पलीकडे जातो आणि खरं चित्र पलीकडे उमटतं, कधी जाळीवर, कधी शिक्क्याच्या पॉलिमरवर, कधी रसायन लावलेल्या कागदावर. इथे शाईचं काम उजेड अडवण्याचं आहे. तिने तो कुठे अडवला, किती अडवला आणि कुठल्या जातीचा उजेड अडवला, या तीन प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली की फिल्म जमली. डोळ्यांना सुरेख वाटणारी फिल्म कामात फसते आणि डोळ्यांना विचित्र वाटणारी फिल्म उत्तम छपाई देते, हे या कामात नेहमीचं आहे. म्हणून फिल्मची पारख उजेडाकडूनच करून घ्यावी, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे.

चित्रातून उजेड आरपार नेण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामायणातली आख्यानं रंगवत आले. त्या बाहुल्यांचं चामडं इतकं पातळ केलेलं असतं की मागच्या दिव्याचा उजेड रंगांतून झिरपतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमारास काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने ते खेळ ओळखले गेले. ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर. काचेवर रंगवणाऱ्या त्या हातांना जे ठाऊक होतं, तेच आज प्रिंटरवर फिल्म छापणाऱ्याला शिकावं लागतं. पारदर्शक पाठीवर पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे मोकळी सोडलेली जागा. रंग म्हणजे उजेडातून काही वजा करणं, आणि काळा म्हणजे तो पुरता अडवणं.

निगेटिव्हची कल्पना याहून जुनी. हेन्री फॉक्स टॅलबट याने १८३५ साली इंग्लंडमधल्या लेकॉक अॅबी या आपल्या घराच्या एका खिडकीचं इवलंसं निगेटिव्ह कागदावर घेतलं. आज शिल्लक असलेलं ते सर्वांत जुनं निगेटिव्ह मानलं जातं. पुढे कागदी निगेटिव्हमधून उजेड सहज जावा म्हणून त्याला मेण लावायची रीत पडली. आपल्याकडे फिल्म परवडत नाही तेव्हा साध्या कागदावर प्रिंट काढून त्याला तेलाचं बोट फिरवणारे स्क्रीन प्रिंटर आहेत. त्यांची युक्ती याच घराण्यातली. कागदाचे धागे उजेड विखुरतात. तेल किंवा मेण त्या धाग्यांमधली हवेची जागा भरून काढतं आणि कागद अर्धपारदर्शक होतो.

छपाईच्या धंद्यात तर फिल्म हा कित्येक दशकं कणा होता. ऑफसेटसाठी मजकुराची आणि चित्रांची पॉझिटिव्ह काढायची, काचेच्या टेबलाखाली दिवा लावून भिंगाने जुळवायची, चिकटवायची आणि त्यावरून प्लेट बनवायची, हे काम करणारी माणसं पुण्याच्या पेठांत आणि मुंबईत गिरगावाच्या गल्ल्यांत होती. आधी मोठा प्रोसेस कॅमेरा होता, मग संगणकावरून फिल्म काढणारा इमेजसेटर आला. त्यानंतर संगणकावरून थेट प्लेट काढायची सोय झाली आणि फिल्म काढून देणारी केंद्रं एकेक करून कमी होत गेली. मोठ्या प्रेसचं त्याने काही अडलं नाही. अडलं ते लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट आणि दुकानाचे स्टिकर छापणाऱ्या छोट्या माणसाचं. त्याला फिल्म अजून लागते, आणि ती घरच्या किंवा दुकानातल्या साध्या प्रिंटरवरच काढणं त्याला भाग आहे.

छायाचित्रणातही असंच झालं, पण उलट्या अंगाने. जुन्या हाती पद्धतींत निगेटिव्ह कागदाला चिकटवून उजेड द्यावा लागतो, म्हणून चित्र जेवढं मोठं हवं तेवढंच मोठं निगेटिव्ह लागतं. त्यासाठी पूर्वी भलामोठा कॅमेरा हवा असे. डॅन बर्खोल्डर या अमेरिकी छायाचित्रकाराने संगणकावरून निगेटिव्ह तयार करण्यावरचं पुस्तक १९९५ साली काढलं, आणि पुढे इंकजेट प्रिंटर सुधारत गेले तसं हे काम घराघरांतल्या टेबलावर आलं. आज मोबाइलवर काढलेल्या फोटोचं ए-फोर आकाराचं निगेटिव्ह काही मिनिटांत हातात पडतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धती या एका पारदर्शक तुकड्यामुळे पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आहेत.

आता सामानाकडे वळू. दुकानात ‘ओएचपी शीट’ मागितली की बहुतेक वेळा हातात पडते ती झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरसाठीची फिल्म. ती पॉलिएस्टरची असते, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि उष्णता सोसणारी. लेझर प्रिंटर टोनरची भुकटी कागदावर पसरतो आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून चिकटवतो. तेवढ्या तापात टिकेल अशीच ही फिल्म बनवलेली असते. तीच इंकजेटमध्ये घातली तर शाईचं अळवावरचं पाणी होतं. शाई थेंबाथेंबाने गोळा होते, सुकत नाही आणि बोट लागलं की पुसून जाते.

इंकजेटच्या फिल्मला एका बाजूने शाई धरून ठेवणारा थर दिलेला असतो. तो दोन प्रकारचा. एका प्रकारात सिलिका किंवा अॅल्युमिनाच्या अतिसूक्ष्म कणांमधल्या छिद्रांत शाई शिरते. ही फिल्म लवकर सुकते, उजेडाकडे धरली तर किंचित दुधट दिसते. दुसऱ्या प्रकारात जिलेटिन किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा पदार्थ शाईतलं पाणी पिऊन फुगतो. ही जास्त स्वच्छ दिसते, पण सुकायला वेळ घेते आणि हवेतली ओल चटकन धरते. थर कुठल्या बाजूला आहे हे नुसतं पाहून कळत नाही. अगदी कोपऱ्याला ओलसर बोट टेकवावं. जी बाजू बोटाला चिकटते ती शाईची. काही फिल्मच्या एका कोपऱ्याला खाच असते, तिच्यावरूनही बाजू ओळखता येते. इंकजेटची फिल्म लेझरमध्ये मात्र कदापि घालू नये. तिचा थर तापाने मऊ होऊन टोनर वितळवणाऱ्या फ्यूझरला चिकटला तर दुरुस्तीच्या पैशांत नवा प्रिंटर येईल.

दुकानदाराकडून फिल्म घेताना पाकिटावरचं ‘इंकजेट’ की ‘लेझर’ हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सुट्या विकल्या जाणाऱ्या फिल्मच्या बाबतीत हे वाचायची सोयच नसते. तिथे ओल्या बोटाची परीक्षा दुकानातच करून घ्यावी.

शाईने उजेड किती अडवला, हा तीन प्रश्नांतला मधला प्रश्न आणि सगळ्यांत बोचणारा. कागदावर भरदार दिसणारं रंगीत चित्र फिल्मवर फिकट आणि पातळ दिसतं, हा जवळजवळ प्रत्येकाचा पहिला अनुभव असतो. मेख अशी की कागदावर पडलेला उजेड शाईच्या थरातून आत जातो, पांढऱ्या पाठीवर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. शाई त्याला दोनदा गाळते. फिल्ममध्ये तो एकदाच गाळला जातो. म्हणून खिडकीवर लावायचं रंगीत चित्र, आकाशकंदिलाच्या आतली फिल्म किंवा टेबललॅम्पची झालर छापायची असेल, तर एकच चित्र दोन फिल्मवर छापून त्या बरोबर एकमेकींवर बसवाव्यात आणि मागे बटर पेपर लावावा. दोन थरांनी रंग भरतो आणि बटर पेपरमुळे मागच्या बल्बचा ठिपका दिसत नाही.

उजेड अडवण्याची मोजणी घनतेने करतात. घनता ०.३ असेल तर उजेड निम्मा होऊन पलीकडे जातो. १ असेल तर दहावा हिस्सा, २ असेल तर शंभरावा आणि ३ असेल तर हजारावा. स्क्रीन प्रिंटिंगच्या पॉझिटिव्हमधला काळा भाग ३ या घनतेच्या जितका जवळ, तितकी जाळी सुखाने उघडते. लेझर प्रिंटरचा काळा इथे अनेकदा कमी पडतो. मोठा काळा भाग छापून फिल्म खिडकीकडे धरली, की त्यात टाचणीच्या टोकाएवढी पांढरी छिद्रं चमकताना दिसतात. कागदावर ती कधीच दिसत नाहीत. त्यावर उपाय आहेत. टोनर बचतीची सेटिंग बंद करावी, घनता सर्वांत वरच्या पायरीला न्यावी, आणि तरी भागलं नाही तर दोन प्रिंट एकावर एक जुळवून चिकटवावेत. लेझरच्या तापात फिल्म किंचित आकसते हेही लक्षात ठेवावं. एकरंगी कामात त्याचा फरक पडत नाही. चाररंगी कामात प्रत्येक रंगाची फिल्म वेगळी असते आणि रंग एकमेकांवर बरोबर बसावे लागतात, तिथे ही आकसणी नडते. अशा कामाच्या सगळ्या फिल्म एकाच बैठकीत, एकाच दिशेने घालून छापाव्यात आणि कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा द्याव्यात.

कुठल्या जातीचा उजेड, हा तिसरा प्रश्न नवशिक्याच्या मनात येतच नाही. स्क्रीनच्या जाळीला लावलेलं इमल्शन, शिक्क्याचं पॉलिमर, सायनोटाइपचं रसायन ही सगळी अतिनील आणि त्याला लागून असलेल्या जांभळ्या-निळ्या उजेडाला जागी होतात. आपल्या डोळ्यांना अतिनील दिसत नाही. त्यामुळे आपल्याला काळीकुट्ट वाटणारी शाई अतिनील उजेडाला वाट देत असू शकते, आणि आपल्याला आरपार दिसणारा रंग त्याच उजेडाला भिंतीसारखा असू शकतो. प्रेसमध्ये फिल्म जुळवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. ते मास्किंगसाठी रुबी नावाची लाल फिल्म कापून लावत. तिच्यातून खालची रेष स्वच्छ दिसे, हात अचूक चाले, पण प्लेटला लागणारा निळा आणि अतिनील उजेड ती पुरता अडवत असे.

घरच्या प्रिंटरमध्ये हाच मुद्दा शाईच्या जातीशी येऊन भिडतो. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, पिगमेंट शाईत रंगाचे घन कण तरंगत असतात. टँकवाल्या अनेक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीच्या तीन डायच्या असतात. कागदाची जात ‘प्लेन पेपर’ निवडली तर प्रिंटर ही काळी शाई वापरतो. ‘फोटो पेपर’ निवडली तर काही प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवून तीन रंगांच्या मिश्रणाने काळा बनवतात. डोळ्यांना दोन्ही काळे सारखेच वाटतात, अतिनील उजेडाला ते सारखे असतीलच असं नाही. तुमच्या प्रिंटरवर कोणता काळा चांगला अडवतो, हे दोन्ही छापून, एकाच वेळी, एकाच उन्हात ठेवूनच ठरवावं लागतं. काही छायाचित्रकार याच कारणाने निगेटिव्ह काळ्याऐवजी हिरव्या, नारिंगी किंवा लालसर रंगात छापतात. त्यांच्या प्रिंटरचा तो रंग अतिनील उजेड जास्त नेमका अडवतो, हे त्यांनी चाचणीने शोधलेलं असतं.

प्रिंटर फिल्म घेतच नाही, ही सुरुवातीची आणखी एक तक्रार. काही प्रिंटर कागद आला की नाही हे उजेडाच्या किरणाने तपासतात. पारदर्शक फिल्ममधून किरण सरळ निघून जातो आणि ट्रे रिकामा आहे असं यंत्राला वाटतं. म्हणून काही कंपन्यांच्या फिल्मला पुढच्या कडेला पांढरी पट्टी लावलेली मिळते. नसेल तर पुढच्या कडेला कागदाची एक अरुंद, सपाट पट्टी नीट चिकटवावी. तिच्या कडा उचललेल्या राहू देऊ नयेत, नाहीतर त्या प्रिंटरच्या हेडला घासतात. फिल्म एका वेळी एकच घालावी. वेगाने, दोन्ही दिशांनी छापण्याची सोय बंद करावी, म्हणजे शाईला बसायला अवसर मिळतो आणि रेघाही जुळून येतात. कागदाच्या प्रकारात ‘ट्रान्सपरन्सी’ हा पर्याय असेल तर सुरुवात त्याने करावी. नसेल तर एखाद्या चकचकीत फोटो पेपरचा पर्याय घ्यावा. कागदाचा प्रकार निवडणं म्हणजे किती शाई ओतायची याची मुभा प्रिंटरला देणं. मुभा कमी दिली तर काळा फिका राहतो. जास्त दिली तर शाई साचून ओघळते आणि बारीक रेषा बुजतात.

कुठे अडवायचा, या प्रश्नाचं उत्तर चित्रात असतं, पण ते टिकवायचं तर फिल्मची बाजू सांभाळावी लागते. शाईची बाजू जाळीला किंवा रसायनाच्या कागदाला थेट टेकली पाहिजे. ती वर राहिली तर मधे फिल्मची जाडी येते, साधारण एक दशांश मिलिमीटर. एवढ्याशा फटीतून उजेड तिरका शिरतो आणि काळ्या रेषेखाली सरकतो. रोमन लिपीतल्या ठळक अक्षरांना त्याने फारसं काही होत नाही. देवनागरीत मात्र वेलांटीचं टोक, रफार आणि अनुस्वार आधी जातात. लग्नपत्रिकेवर अनुस्वार न उमटणं ही छोटी गोष्ट नाही. ‘आमंत्रण’ लिहिलेलं असतं आणि छापलं जातं ‘आमत्रण’. म्हणून शाईची बाजू खाली करून ठेवायची, आणि रसायनाच्या कागदासाठी चित्र आरशात दिसतं तसं उलटं करून छापायचं. जाळीसाठी, फिल्म तिच्या छपाईच्या बाजूला टेकवायची असल्याने, ते सुलटंच छापायचं. कागदासाठीची फिल्म पाठीमागून आणि जाळीसाठीची शाईच्या बाजूने पाहिली की अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत, ही खूण लक्षात ठेवली तरी पुरते.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. प्रिंटर करडा रंग स्वतःच्या विखुरलेल्या ठिपक्यांनी दाखवतो. ते ठिपके जाळीच्या छिद्रांहून बारीक असतात आणि उघडतच नाहीत. फोटो जाळीवर न्यायचा तर आधी संगणकात त्याचे हाफटोन ठिपके करून घ्यावे लागतात. जाळीत इंचाला जेवढे धागे असतील, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतक्या ठिपक्यांच्या ओळी इंचात असाव्यात, असा ठोकताळा आहे. ३०० धाग्यांच्या जाळीला ६० ते ७५ ओळी. ठिपक्यांचा कोन धाग्यांशी २२.५ अंशांचा ठेवला तर नको असलेली नक्षी उमटण्याची भीती कमी होते. हे सगळं गिंप किंवा इंकस्केप यांसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. दुसऱ्या भागात त्याच्या पायऱ्या चित्रांसह दिल्या आहेत.

तालुक्याच्या कचेरीबाहेर शिक्के बनवून देणाऱ्याचं काम याच्या उलट चालतं. त्याला निगेटिव्ह लागतं. अक्षरं पारदर्शक आणि बाकी सगळं काळं. अक्षरांतून गेलेल्या अतिनील उजेडाने पातळ पॉलिमर घट्ट होतं, उरलेलं धुऊन जातं आणि उठावदार अक्षरं हातात येतात. इथे काळ्यात एकही छिद्र असलं तर शिक्क्यावर पुटकुळी उठते. अर्ध्या तळहाताएवढ्या त्या कामात काळा किती नेमका लागतो हे पाहिलं, की घनतेचा इतका पाढा का वाचला ते कळेल.

माझं मन सर्वांत जास्त रमतं ते सायनोटाइपमध्ये. ही पद्धत जॉन हर्शल या शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधली. पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स या वनस्पतींच्या अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळाचे नमुने थेट रसायनाच्या कागदावर ठेवून त्यांची निळी चित्रं पुस्तकरूपाने काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं समभाग मिसळून ब्रशने कागदावर लावायची आणि अंधारात सुकवायची. कागद पिवळट हिरवा दिसतो. त्यावर निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि उन्हात न्यायचं. मोकळ्या कडांकडे लक्ष ठेवलं तर रंग हिरव्यावरून निळसर होतो आणि मग राखाडी, थोडा काशासारखा दिसू लागतो. इथे घाई करू नये, कडा राखाडी होईपर्यंत थांबावं. मग कागद साध्या पाण्यात सोडायचा. पिवळेपणा धुऊन निघतो, निळा वर येतो आणि सावलीच्या भागांत तपशील उघडू लागतात. वाळल्यावर एका दिवसात निळा आणखी गडद होतो. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थेंब टाकले तर हाच गडदपणा लगेच येतो.

सायनोटाइप हीच घरच्या फिल्मची सर्वांत प्रामाणिक परीक्षा आहे, म्हणून पुस्तिकेत ती पहिल्या कामाच्या जागी ठेवली आहे. संगणकावर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत करड्या छटांची पायऱ्यांची पट्टी काढायची आणि फिल्मवर छापायची. आधी फिल्मच्या मोकळ्या, बिनशाईच्या भागाखाली कमीत कमी किती वेळ दिला म्हणजे निळा पूर्ण गडद होतो, ते शोधायचं. ती तुमची प्रमाण वेळ. मग तेवढ्याच वेळात पट्टी छापायची. शंभर टक्के शाईखालचा कागद पांढरा राहिला तर शाई पुरेशी अडवते. निळसर झाला तर शाई कमी पडते आणि सेटिंग बदलायला हवं. मधल्या पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील तर संगणकात छटांची वक्ररेषा त्या प्रमाणात वळवायची. बाजारात २१ पायऱ्यांच्या मापाच्या पट्ट्या मिळतात. त्यांची प्रत्येक पायरी ०.१५ घनतेने वाढते, म्हणजे दर दोन पायऱ्यांनी उजेड निम्मा होतो. अशी पट्टी मिळाली तर घ्यावी, न मिळाली तर अडून बसू नये. घरी छापलेल्या पट्टीने काम चालतं.

आपल्या हवेचाही या कामावर हक्क आहे. एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारच्या उन्हात जे काम काही मिनिटांत होतं, त्याला पावसाळ्याच्या ढगाळ दिवशी कितीतरी पट वेळ लागतो. कोकणात आणि मुंबईत आषाढ-श्रावणात फिल्मचा थर ओल धरतो, शाई दिवसभर ओलसर राहते आणि एकावर एक ठेवलेल्या फिल्म चिकटतात. म्हणून पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं. छापलेली फिल्म पंख्याच्या हवेत, पण थेट झोताखाली नाही, निदान रात्रभर ठेवावी. शाईतले पाण्याखेरीजचे द्रव सावकाश उडतात, बोटाला सुकी लागणारी फिल्म आतून सुकलेली असतेच असं नाही. पावसाळ्यात काम नियमित करायचं असेल तर अतिनील एलईडीची पेटी करून घ्यावी. तिची वेळ बदलत नाही.

काळजीच्या चार गोष्टी इथेच सांगून ठेवतो. स्क्रीनच्या जुन्या इमल्शनमध्ये वापरलं जाणारं डायक्रोमेट विषारी आहे, त्वचेला आणि फुप्फुसांना घातक आहे आणि कर्करोगाला कारण ठरतं. तयार डायझो किंवा फोटोपॉलिमर इमल्शन मिळत असताना घरात ते आणू नये. सायनोटाइपची रसायनं त्या मानाने सौम्य आहेत, तरी हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही नेऊ नये. सर्किट बोर्ड कोरल्यावर उरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नये, त्यात विरघळलेलं तांबं पाण्याला घातक असतं. अतिनील पेटीच्या दिव्यांकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. आणि फिल्म हे शेवटी प्लास्टिक आहे, थर दिलेलं, पुन्हा वितळवून वापरायला कठीण. एका फिल्मवर अनेक लहान कामं जुळवून बसवावीत, चाचणीसाठी पूर्ण ए-फोर न घालता कापलेला तुकडा कागदाच्या पाठीवर चिकटवून छापावा, आणि झालेली निगेटिव्हं जपून ठेवावीत. चांगलं निगेटिव्ह पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं.

या पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिल्यात फिल्म, शाई आणि प्रिंटर यांची ओळख व सायनोटाइपच्या पट्टीसह चाचण्या आहेत. दुसऱ्यात स्क्रीन, शिक्का आणि सर्किट बोर्ड ही धंद्याची आणि शिक्षणाची कामं आहेत. तिसऱ्यात छायाचित्रणाच्या जुन्या पद्धती आणि घर सजवायच्या रंगीत फिल्म आहेत. घाईत असलेल्याने पहिला भाग वगळून थेट आपल्या कामाकडे जाऊ नये, एवढी विनंती. जे पहिल्या भागात एका दुपारी होतं, ते पुढे वगळता येत नाही.

ही माहिती बहुतांश हातांतून हातांत आलेली आहे. लाइट टेबलवर आयुष्य काढलेल्या प्रेसच्या कामगारांनी, गल्लीतल्या स्क्रीन प्रिंटरांनी आणि शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी ती वापरत वापरत घडवली. ती लिहून ठेवणं मला फार गरजेचं वाटलं, कारण फिल्मची केंद्रं बंद झाली की त्यांच्यासोबत हातांचं शहाणपणही नाहीसं होतं, आणि नव्या मुलांना सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

पुस्तिकेतले आकडे चाचण्यांवर बेतलेले आहेत, पण ते ज्या प्रिंटरवर, ज्या फिल्मवर आणि ज्या उन्हात मिळाले ते तुमचे नाहीत. प्रत्येक चाचणीच्या पट्टीवर तारीख, शाई, सेटिंग, उन्हाची वेळ आणि मिनिटं पेनाने लिहून ठेवा. अशा थोड्या पट्ट्या जमल्या, की पुस्तिकेतले आकडे खोडून शेजारी स्वतःचे लिहा. त्यासाठीच प्रत्येक पानाचा समास रुंद ठेवला आहे.